पुरणयंत्राचा तपास : मावशीबरोबर डोंबिवली ते गिरगाव

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी, डोंबिवली स्थानकाच्या जिन्यावरचा गुलाबी रंग अजून धुतला गेला नव्हता, तेव्हा मी माझ्या ७८ वर्षांच्या मावशीला घेऊन गिरगावला निघाले. निमित्त माझे होते. म्हाताऱ्या बायका निव्वळ हौसेने गुन्ह्यांचा छडा लावतात अशा विनोदी रहस्यकथांचे, इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' म्हणतात त्या प्रकाराचे, मला गेली काही वर्षे व्यसन लागले आहे आणि तशी एखादी कथा मराठीत, मुंबईतल्या चाळीत घडणारी, आपण लिहावी असे मनात होते. कथेतले प्रेत नेमके कुठे सापडावे हे जागेवर जाऊन ठरवायचे होते, आणि मावशीने लग्नानंतरची ३१ वर्षे जिथे काढली ती चाळ सुदैवाने अजून उभी होती.

सकाळी अकराच्या जलद गाडीत बायकांच्या डब्यात गर्दी बेताची असली तरी बसायला जागा नव्हती. मावशीने एकदा डबाभर नजर फिरवली आणि खिडकीजवळच्या दोन सीट सोडून तिसऱ्याच एका मुलीपुढे जाऊन ती उभी राहिली. मुलीच्या कानात इअरफोन होते, डोळे मिटलेले होते, आणि 'कुठे उतरणार' असे तिला विचारायचीही सोय नव्हती. "घाटकोपरला उठेल ती," मावशी माझ्या कानाशी म्हणाली. घाटकोपर यायच्या आधीच ती मुलगी खरोखरच उठली. मी चकित होऊन पाहिले तेव्हा मावशी आधी नीट बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि मग म्हणाली, "मोबाइलवर मेट्रोचं तिकीट काढून ठेवलं होतं तिने, तो काळा-पांढरा चौकोन दिसत होता. आपल्या गाडीतून मेट्रोला जाणारी बाई घाटकोपरला नाही उतरणार तर काय कल्याणला? मला काय करायचंय म्हणा, पण दिसतं ते दिसतं."

'मला काय करायचंय म्हणा, पण' हे मावशीचे पालुपद आहे, आणि गंमत म्हणजे या सगळ्या साहित्यप्रकाराचेही ते पालुपद आहे. ॲना कॅथरिन ग्रीन या अमेरिकन लेखिकेने १८९७ साली न्यूयॉर्कच्या अमेलिया बटरवर्थ नावाच्या प्रौढ कुमारिकेला तपासाच्या कामाला लावले. ही बाई पहिल्याच वाक्यात, आपण काही चौकस स्वभावाच्या नाही असे बजावते आणि त्याच वाक्यात, मध्यरात्री शेजारच्या घरापाशी घोडागाडी थांबल्याचा आवाज ऐकून, पलंगावरून उठून खिडकीचा पडदा सारते. त्यानंतर ३० वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, अगाथा ख्रिस्तींची मिस मार्पल एका मासिकातल्या लघुकथेत अवतरली. दर मंगळवारी जमून एकमेकांना न उलगडलेली प्रकरणे सांगायची असे काही शहाणी मंडळी ठरवतात, कोपऱ्यात विणत बसलेल्या म्हातारीला मोजायचेच विसरतात, आणि उत्तर तिच्याकडे निघते. पुढे १२ कादंबऱ्या झाल्या, तरी या बाईंची पद्धत बदलली नाही. खुनी कोणासारखा वागतो आहे, आपल्या सेंट मेरी मीड या खेड्यातल्या कोणत्या मोलकरणीसारखा, कोणत्या दुकानदाराच्या पोरासारखा, एवढेच त्या आठवून पाहतात.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे नायक झुंजार आणि काळापहाड लहानपणी वाचनालयातून आणून मी अधाशासारखे वाचले; पण तिथे रात्रीच्या अंधारात गाड्या धावत असत आणि पिस्तुले रोखली जात. दुपारी दोन वाजता तांदूळ निवडता निवडता गुन्हेगार ओळखणारी आजी काही मला तिथे भेटली नाही. ही भर आपण घालू, असा माझा बेत होता आणि दादरला पूल ओलांडून पश्चिम रेल्वेच्या धीम्या गाडीत बसेपर्यंत मी तो मावशीला सविस्तर समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकले. "चाळीत खून?" ती म्हणाली. "अगं, चाळीत मेलेला उंदीर पाच मिनिटं लपत नाही. प्रेत कुठे ठेवशील, माझ्या कपाळावर?"

चर्नी रोडला पूर्वेकडे उतरून आम्ही रमतगमत निघालो. गिरगाव आता गिरगावासारखे राहिले नाही हे वाक्य इतक्यांनी इतक्यांदा लिहिले आहे की मी ते लिहिणार नाही. परंतु भुयारी मेट्रोसाठी इथल्या आणि काळबादेवीतल्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या आणि उरलेल्यांपैकी अनेकींच्या माथ्यावर पुनर्विकासाचे फलक आहेत, हे नजरेआड करता येत नाही. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव होतो. तिथवर जाऊन यायचे ठरले होते, पण मावशीला ऊन लागू लागले. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची घरे तिने तोंडावरून पाहिली, "अजून आहेत वाटतं" असे म्हणून त्यांना हजेरी लावली आणि थेट चाळीचा रस्ता धरला.

चाळ तीन मजली. मजल्यावर लांबलचक गॅलरी, लाकडी कठडा, दारे सताड उघडी आणि प्रत्येक दाराबाहेर चपला. एका कोपऱ्यात जुन्या साडीवर कुरडया वाळत होत्या आणि त्यांच्या राखणीला एक काकू स्टुलावर बसल्या होत्या. मिस मार्पल बागकाम करतात आणि दुर्बिणीतून पक्षी पाहतात, ते आडोसा म्हणून किती सोयीचे असते हे त्यांना पक्के ठाऊक असते. इथे दुर्बीण लागत नाही. मार्च महिन्यात वाळवण राखणाऱ्या बाईसमोरून जिना चढणारा प्रत्येक माणूस, त्याच्या पिशवीच्या आकारासह, आपसूक नोंदला जातो. या काकूंनी दहा मिनिटांत आम्हांला चाळीतल्या ताज्या प्रकरणाची माहिती पुरवली.

प्रकरण असे, की पहिल्या मजल्याचे पुरणयंत्र नाहीसे झाले होते. स्टीलचे, तीन पायांचे, दोन जाळ्यांचे हे यंत्र वर्षानुवर्षे आठ खोल्यांत फिरत असे. भाद्रपदात गौरींच्या पुरणासाठी ते शेवटचे वापरले गेले आणि त्यानंतर कोणी पाहिले नाही. स्टुलावरच्या काकूंचा संशय जिन्यालगतच्या बिऱ्हाडावर होता, जिन्यालगतच्या बिऱ्हाडाचा काकूंवर, आणि सहा महिन्यांच्या अबोल्यानंतर परवाच्या होळीला कोणी मिक्सरमध्ये, कोणी चाळणीवर घासून, जसे जमेल तसे पुरण केले होते. मी वही काढली. खून नाही तर निदान चोरी तरी मिळाली होती. मावशीने मात्र एकही प्रश्न विचारला नाही, ती फक्त प्रत्येक घरात गेली आणि "काय केलं होतं होळीला?" एवढे विचारून पाणी पिऊन बाहेर आली.

जेवायला आम्ही गॅलरीच्या टोकाच्या खोलीत थांबलो. तिथल्या वहिनी साठीच्या, मितभाषी, सासूच्या माघारी एकट्याच राहणाऱ्या. "मी काही घाट घातलाच नाही या वर्षी," त्या म्हणाल्या, "नैवेद्यापुरत्या दोन पोळ्या विकत आणल्या." मग त्यांनी पाने वाढली. वाफाळता भात, कोशिंबीर, पापड आणि वाटीत काळपट तांबूस आमटी, वर तेलाचा पातळ तवंग, तळाशी भाजलेल्या खोबऱ्याचे वाटण, वासात लवंग आणि जिरे. अशी आमटी मुरल्यावरच खरी लागते. मावशीने भुरका मारला, डोळे मिटले, दुसरी वाटी मागितली आणि वहिनींकडे फार प्रेमाने पाहिले. वहिनींनी मान खाली घातली. मी माठ, भात कालवत राहिले.

उलगडा परतीच्या गाडीत झाला. "कटाची आमटी होती ती," मावशी म्हणाली. "कट म्हणजे पुरणाची डाळ शिजली की वरचं पाणी काढतात ते. पोळी विकत मिळते, कट कुठे विकत मिळतो? डाळ घरी शिजली, पुरण घरी झालं. मग विकत आणल्या असं का सांगितलं? मिक्सरमध्ये केलं असतं तर तसं म्हणाली असती, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पुरण कशात वाटलंत, हा पुढचा प्रश्न येऊ नये म्हणून ती खोटं बोलली."

मग त्या चोर, असे मी उत्साहाने म्हटले. मावशीने माझ्याकडे, सेंट मेरी मीडचे पोलीस अधिकारी ज्या नजरेला पात्र ठरत असतील, तसल्या नजरेने पाहिले. "चोर कसली? यंत्र तिच्या सासूचं. नाव घालायला भांड्यांच्या बाजारात मीच गेले होते तिच्याबरोबर, जाळीच्या कडेला अक्षरं आहेत. एकदा शेजारी दिलं, तिथून पुढे गेलं, आणि पंचवीस वर्षांत ते सगळ्या मजल्याचं झालं. हिला आपलंच यंत्र हवं तेव्हा चार दारी मागत फिरावं लागायचं, वर 'धुऊन परत दे हं' असं ऐकावं लागायचं. गौरींनंतर ते फिरत फिरत हिच्याकडे आलं आणि हिने पुढे दिलं नाही. एवढंच."

काकूंना सांगायला हवे होते, त्यांचा अबोला तरी सुटला असता, असे मला वाटले. मावशीला ते पटले नाही. त्या दोघींचा अबोला पुरणयंत्राच्या आधीपासूनचा आहे आणि यंत्र सापडले तर बिचाऱ्यांना नवे कारण शोधावे लागेल, असे तिचे मत पडले. ॲगाथाबाईंच्या आणि त्यांच्या वारसदारांच्या कथांत शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून गुन्हेगाराचे नाव जाहीर करतात. एका खोलीत एवढी माणसे मावणार नाहीत, ही अडचण मी आधीच टिपून ठेवली होती. नाव जाहीरच करायचे नाही, हा तोडगा मला सुचला नव्हता.

माझ्या कथेपुढची खरी अडचण निराळी आहे आणि ती डोंबिवलीला घराचे कुलूप उघडताना मला कळली. आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार बंद दारे आहेत, जिन्यात कॅमेरा आहे आणि होळीला समोरच्यांनी काय केले हे मला ठाऊक नाही. इथे प्रेत आठवडाभर सहज ठेवता येईल, पण आमटी कोणाच्या पानात पडणार? तेव्हा कथा गिरगावातच घडेल, आणि चाळ पाडायच्या आत लिहून व्हायला हवी.

वहिनींनी आमटीचा डबा बरोबर दिला होता. रात्री तो घासून पालथा घातल्यावर मावशी म्हणाली की रिकामा परत करता येत नाही, गुढीपाडव्याला काहीतरी घालून नेऊन देऊ. एका स्टीलच्या डब्यासाठी पुन्हा एवढा प्रवास कशाला, असे मी विचारले, तेव्हा ती डब्याच्या बुडाशी कोरलेल्या नावावरून बोट फिरवत होती. "दुसऱ्या मजल्यावर जिन्याजवळचे आजोबा एकटे राहतात ना," ती म्हणाली, "त्यांच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या होत्या."

"मग?"

"एक गाईच्या दुधाची होती, एक म्हशीच्या."