नोनिनोचा नकार

बुधवार, रात्री साडेअकरा

लेक दार आपटून आत गेलीय. जेवली नाही. आमटी दोनदा गरम करून झाली, आता झाकून ठेवलीय.

नवरात्रात एका वाद्यवृंदाचा विदर्भात नऊ दिवसांचा दौरा आहे. कीबोर्डची साथ करायला येतेस का, असं त्यांनी तिला विचारलं. वय वर्षं तेरा. मी नाही म्हणालो. सहामाही तोंडावर आलीय, रात्रीचा प्रवास, सोबत ओळखीचं कुणी नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही स्वतः कधी कुठे गेला नाहीत ना बाबा, म्हणून." लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं.

झोप येईना म्हणून कानाला लावून पियाझोला ऐकत बसलोय. आस्तोर पियाझोला, अर्जेंटिनाचा टँगोवाला. टँगो म्हणजे तिकडचं नाचाचं संगीत. जन्म १९२१ चा, मार देल प्लाताचा. आईबाप इटालियन वंशाचे. पोर चार वर्षांचं असताना बिऱ्हाड न्यूयॉर्कला गेलं. बाप व्हिसेंते तिथे न्हाव्याच्या दुकानात काम करायचा आणि घरी आल्यावर टँगोच्या तबकड्या लावून बसायचा. त्यानं एक दिवस गहाणवटीच्या दुकानातून पोरासाठी जुनं बांदोनेऑन आणलं. वीस डॉलरही पडले नसतील. मुलानं मागितलं नव्हतं, ही हौस बापाचीच.

बांदोनेऑन म्हणजे मांडीवर ठेवून वाजवायची, दोन्ही बाजूंना बटणं असलेली भात्याची पेटी. मूळची जर्मनीची. बटणं एकाहत्तर. गंमत अशी की बऱ्याचशा बटणांचा भाता ताणताना एक सूर निघतो आणि दाबताना दुसराच. मघाशी अण्णांची पेटी काढून डोळे मिटून नुसत्या बोटांनी सूर शोधायचा प्रयत्न केला. आपल्या पेटीला एक हात भात्याला, एक सुरांना. मला त्या एका हाताचंच जड जातं. (आपली पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीनं तिला १९४० पासून तीसेक वर्षं दाराबाहेर उभं केलं, तरी भजनी मंडळातून ती कुणी हलवली नाही.)

तर १९३४ च्या सुमारास कार्लोस गार्देल न्यूयॉर्कमध्ये होता. टँगोचा सर्वांत मोठा गायक. व्हिसेंतेनं त्याच्यासाठी लाकडाची एक मूर्ती कोरली आणि ती द्यायला पोराला धाडलं. पोर इंग्रजीत तरबेज. गार्देलला बाजारहाटासाठी दुभाष्या मिळाला. त्यानं त्याला आपल्या एका चित्रपटात पेपर विकणाऱ्या पोऱ्याचं बारीकसं कामही दिलं. पुढे दौऱ्यावर निघताना बरोबर चल म्हणाला. आस्तोर तेव्हा चौदाचा. बाप नाही म्हणाला. लहान आहे अजून.

२४ जून १९३५ ला कोलंबियात मेदेयिनच्या धावपट्टीवर दोन विमानं एकमेकांवर आदळली. गार्देल गेला, बरोबरचे बरेच साथीदारही. पियाझोला पुढे थट्टेनं म्हणायचा, गेलो असतो तर आज बांदोनेऑनऐवजी स्वर्गात हार्प वाजवत असतो.

मला मात्र ही गोष्ट नीट पटत नाही. म्हणजे घडली ती खरीच, पण बापाला काय ठाऊक होतं? त्यानं विमान पाहून नकार दिला नव्हता. पोर लहान म्हणून दिला. दौरा सुखरूप झाला असता तर तोच नकार आस्तोरनं जन्मभर बापाच्या नावानं उगाळला असता. आणि बहुतेक नकारांचं तेच होतं. विदर्भातली ती बस काही दरीत कोसळणार नाहीय. वाजवून, खाऊनपिऊन, हसतखिदळत सगळे दसऱ्याला घरी येतील, आणि आमच्या घरात मी नाही म्हटलेलं तेवढं उरेल.

बाकीचं सगळ्यांना माहीत असतं. १९५४ ला पॅरिसमध्ये नादिया बूलाँजे या संगीतशिक्षिकेकडे तो सिंफनी शिकायला गेला. टँगो वाजवतो हे लाजून लपवत होता. बाईंनी वाजवायला लावलं आणि खरा पियाझोला हाच, हा सोडू नकोस, असं बजावलं. पुढे मायदेशी जुन्या टँगोवाल्यांनी, हा टँगोच नव्हे, म्हणून बोंब ठोकली. टॅक्सीवाले त्याला बसू द्यायचे नाहीत म्हणे.

१९५९ च्या ऑक्टोबरात तो पोर्तो रिकोत कार्यक्रम करत असताना बाप गेल्याची बातमी आली. बाप तिकडे मार देल प्लाताला. न्यूयॉर्कच्या घरी परतल्यावर घरच्यांना म्हणाला, मला जरा एकटं सोडा. आणि पियानोवर बसून 'आदिओस नोनिनो' केलं. आदिओस म्हणजे निरोप, आणि नोनिनो म्हणजे नातवंडांनी आजोबाला, व्हिसेंतेला, ठेवलेलं नाव. सुरुवात तुटक, चिडल्यासारखी आहे. मग एकदम ती लांब चाल येते, आणि आत्ता तिसऱ्यांदा ऐकतानाही मला ती लगेच पुन्हा ऐकाविशी वाटली.

२००२ साली ॲमस्टरडॅमला राजपुत्राच्या लग्नात हेच वाजलं. वधू मॅक्सिमा अर्जेंटिनाची. बाप लष्करी राजवटीत मंत्री होता, म्हणून तो लग्नाला नव्हता. ती भर चर्चमध्ये रडली, साऱ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. बापाच्या गुन्ह्यांचा हिशेब वेगळा. रडू आलं ते रडू आलं.

पावणेबारा. हेडफोन काढला तर पलीकडून खटखट ऐकू येतेय. तिनंही कानाला लावलंय, त्यामुळे सूर नाहीत, नुसत्या पट्ट्या दाबल्याचा आवाज. चाल कुठली ते काही केल्या लागत नाहीय. आमटी पुन्हा गॅसवर ठेवतो.