मुलांचा डायबिटीस : आधी कुठला ते तर बघा

एखाद्या मुलाला डायबिटीस निघाला की लोक पहिलं वाक्य काय टाकतात, "लाड करून गोड फार खाऊ घातलं असेल". आणि हे ऐकावं लागतं आईलाच, बाबांना कोणी विचारत पण नाही.

तर लहान मुलांमध्ये जास्त करून दिसतो तो टाइप १, आणि त्याचा गोड खाण्याशी संबंध नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते आणि त्या हळूहळू संपत जातात. हे का होतं ते अजून पूर्ण कळलेलं नाही आणि ते कायमचं टाळायचा उपायही आज नाहीये. २०२२ मध्ये अमेरिकेत टेप्लिझुमॅब नावाच्या औषधाला मान्यता मिळाली, पण ते आजार फक्त काही काळ पुढे ढकलतं, तेही रक्ततपासणीत आधीच धोका दिसलेल्यांमध्ये. म्हणजे आईने काय खायला दिलं, काय नाही, तो विषयच नाही.

पण एक गोष्ट नक्की टाळता येते, ती म्हणजे उशिरा कळणं. मूल सारखं पाणी मागतंय, सारखं लघवीला जातंय, अंथरूण ओलं करायचं थांबलेलं मूल परत करायला लागलंय, नीट जेवूनसुद्धा वजन उतरतंय, गळून गेल्यासारखं पडून राहतंय... यातलं प्रत्येक सुटं सुटं बघितलं तर कारण सापडतंच, ऊन आहे, वाढीचं वय आहे, अभ्यासाचं टेन्शन आहे, आणि असंच करत दिवस जातात. मग उलट्या, पोटदुखी, जोरजोरात खोल श्वास, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास, तोपर्यंत रक्तात आम्ल वाढलेलं असतं (डॉक्टर याला डीकेए म्हणतात) आणि हे जिवावर बेतू शकतं, तेव्हा थेट हॉस्पिटलच गाठायचं.

म्हणून अशी लक्षणं दिसली तर "उद्या सकाळी उपाशीपोटी तपासू" असं अजिबात नको. बोटातून थेंबभर रक्त, त्याच दिवशी, जेवण झालेलं असलं तरी चालतं. लक्षणं आहेत आणि साखर २०० च्या वर आली तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि टाइप १ ला इन्सुलिन म्हणजे इन्सुलिनच. काढे, पावडरी, कोणाचा तरी रामबाण उपाय यापायी ते बंद केलं तर मूल दोन-चार दिवसांतच परत डीकेएत जाऊ शकतं.

टाइप २ ची गोष्ट वेगळी, तो बऱ्याच अंशी टाळता येतो. पूर्वी मोठ्यांचा आजार होता, आता वयात येणाऱ्या मुलांमध्येही दिसतो, वजन जास्त आणि घरात कोणाला तरी डायबिटीस असला तर जास्तच. दिवसाला तासभर घाम येईल असं खेळणं, पुरेशी झोप, आणि बाटलीबंद गोड पेयं बंद, कारण कोलाच्या ३३० मिलीच्या एका कॅनमध्येच साधारण ३५ ग्रॅम साखर असते. हे सगळ्या घराने करायचं हं, मोठे सोफ्यावर बसून कोला पिणार आणि मुलाने फक्त पाणी प्यायचं, असं नाही टिकत. त्याला "जाड्या" म्हणून चिडवणं तर बंदच करा, त्याने वजन उतरत नाही, मूल लपून खायला शिकतं.

आणि मानेवर मागे काळपट, जाडसर मखमलीसारखा पट्टा दिसतो ना, तो मळ नसतो, घासून निघत नाही. इन्सुलिनचा परिणाम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. दहाच्या पुढचं मूल, वजन जास्त आणि असा पट्टा असेल तर साबण बाजूला ठेवून साखर तपासून घ्या.