सुमहुरमच्या दारात

खरीफच्या, म्हणजे तिथल्या पावसाळ्याच्या, दिवसांत ओमानच्या दक्षिणेतल्या सलालाला जाऊ नका, असं मी भेटेल त्याला सांगते. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत अख्खं आखात तिथं हिरवळ बघायला लोटतं. आम्ही मूळचे कोकणातले. धुकं आणि रिमझिम बघायला हजार किलोमीटर गाडी हाकायची आम्हाला काय गरज? पण मस्कतचा उन्हाळा माणसाकडून काहीही करून घेतो. वाटेत हैमा, थुमरैत, वाळू, पुन्हा वाळू, पोचलो. हॉटेलच्या भाड्याबद्दल बोलत नाही.

दोन-तीन दिवस धबधबे आणि गाड्यांच्या रांगा झाल्यावर मी हट्टाने सगळ्यांना खोर रोरीला नेलं. ताका गावाच्या पुढे, खाडीकाठच्या टेकाडावर सुमहुरमचे अवशेष आहेत. येमेनमधलं शबवा ही ज्याची राजधानी, त्या प्राचीन हद्रमौत राज्याने लोबानाच्या व्यापारासाठी वसवलेलं हे बंदर. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या टिपणात आलेलं मोस्का बंदर ते हेच, असं मानतात. भडोचकडून आलेल्या जहाजांचा हंगाम टळला तर ती हिवाळाभर इथंच थांबत आणि कापड, गहू, तिळाचं तेल देऊन राजाच्या माणसांकडून लोबान घेत. लोबानाचे ढीग उघड्यावर, राखणीशिवाय पडलेले असत, कारण राखण देवांची. राजाच्या परवानगीवाचून एक खडा जरी चढवला तरी जहाज हलायचं नाही.

"म्हणजे आपला राखणदारच की," सासूबाई म्हणाल्या. मी सांगितलेल्यातलं त्यांना एवढंच पटलं.

शत्रूला सरळ आत घुसता येऊ नये म्हणून गावाचं दार मुद्दाम अरुंद आणि वळणाचं ठेवलंय. तिथल्याच दगडांवर लेख कोरलेत. मुसनद, दक्षिण अरबस्तानातली जुनी लिपी. अक्षरं पट्टीने आखून काढल्यासारखी, ओळ उजवीकडून डावीकडे, दोन शब्दांच्या मध्ये उभी रेघ. राजाचं नाव, शहराचं नाव, शहर उभारणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. मागून सेल्फीवाल्यांचा एक घोळका "सिस्टर, प्लीज" करत होता, त्यांना मी खुशाल जागा दिली. खरं सांगायचं तर त्या लेखाने मला काही झालं नाही. राजे सगळीकडे सारखेच.

माझा जीव अडकला होता तो आतल्या देवळात. देव सीन, हद्रमौतचा मुख्य देव. 1950 च्या दशकात अमेरिकन पथकाने खोदकाम केलं तेव्हा त्या देवळात ब्राँझचे कोरीव पत्रे सापडले. देवाला वाहिलेले. शेजारच्या सबा राज्यात, मारिबच्या अव्वाम देवळात लोक त्यांच्या अल्मकाह देवाला ब्राँझच्या मूर्ती वाहत आणि कारणही कोरून ठेवत: लढाईतून जिवंत परतलो, दुखणं बरं झालं, मूल झालं. सरळ फेडलेला नवस. हद्रमौतचे अर्पणलेख मात्र वेगळेच. त्यांत माणूस स्वतःला देवाच्या हवाली करतो, मग मुलंबाळं, मालमत्ता, डोळ्यांतला उजेड आणि मनातली आठवण. आठवणसुद्धा! शबवाहून इतक्या लांब, राज्याच्या पार टोकाला येऊन राहिलेल्या माणसाला ती सुटण्याची भीती वाटली असणार. परदेशात पंधरा-वीस वर्षं काढलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागत नाही.

सासूबाईंचं मार्चमध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्यांनी ती यादी मला पुन्हा म्हणायला लावली.

"मालमत्तेनंतर डोळे? मी पहिले डोळेच सांगितले असते."

नवरा तोवर खाली खाडीवर उंटांचे फोटो काढत होता. ह्या माणसाला कुठंही न्या, उंट सापडतात.

संध्याकाळी हाफा सूकमध्ये लोबान घ्यायला गेलो. रोमन लेखक प्लिनीने लिहिलंय की शबवाला लोबान पोचला की पुजारी देवाचा दहावा हिस्सा आधी काढून घेत, तोही वजनावर नाही, मापावर. त्याआधी विक्री बंद. इथं सगळा काट्याचा कारभार, आणि हिरवट होजरीचा, म्हणजे वरच्या प्रतीच्या लोबानाचा, भाव ऐकून सासूबाई मराठीतच भांडल्या. दुकानदाराला सगळं कळलं. शेवटी पिवळा, मध्यम प्रतीचा घेतला. फ्लॅटमध्ये दिवेलागणीला तो लावला की स्मोक डिटेक्टर कोकलायला लागतो, मग कोणीतरी स्टुलावर चढून टॉवेल हलवत उभं राहायचं.