मेरीलँडची जत्रा आणि भाड्याच्या पोशाखाचे अडीच तास

अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात क्राउन्सव्हिलला भरणाऱ्या जत्रेला पहिल्यांदा जात असाल तर पोशाख भाड्याने घ्यायच्या भानगडीत पडू नका. आधी हे सांगते, बाकीचं मागाहून.

ही जत्रा म्हणजे मेरीलँड रेनेसाँ फेस्टिव्हल. तो ॲनापोलिसजवळच्या झाडीत भरतो, ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंत, शनिवार-रविवारी. सोळाव्या शतकातलं रेव्हेल ग्रोव्ह नावाचं इंग्लिश गाव तिथे उभं असतं आणि आठवा हेन्री लवाजम्यासह त्यात हिंडतो. त्याच्या सहा राण्यांबद्दल वाचल्यापासून लेकीने हट्ट धरला होता, जायचं तर तसंच नटून. तशी सक्ती काही नसते, जीन्स घालून आलेलेही पुष्कळ दिसतात.

दुकान आमच्या शहरातलं, जत्रेशी त्याचा संबंध नाही. जुलैतच तिघांची मापं ऑनलाइन भरली होती. छाती, कंबर, खांद्यापासून मनगटापर्यंत, सगळं इंचात. शुक्रवारी संध्याकाळी न्यायला गेले तर पाऊण तास रांग. नंबर लागल्यावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, या आडनावाचं बुकिंगच नाही. फोनवरचा ईमेल दाखवला, पैसे कापल्याची नोंद दाखवली. तिचं एकच, नवा फॉर्म भरा. भरला आणि पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले. परत नंबर आला तेव्हा म्हणे, या मापांचं आता काही शिल्लक नाही. लेकीचे डोळे भरून आले. तेवढ्यात काउंटरमागच्या दांडीवर एकत्र टांगलेल्या तीन पिशव्या मला दिसल्या. चिठ्ठीवर माझ्या सासऱ्यांचं नाव! नवऱ्याने बुकिंग करताना आपल्या पद्धतीने पूर्ण नाव लिहिलं होतं आणि त्यांनी मधलं नाव आडनाव म्हणून लावलं होतं. तेव्हा अशा ठिकाणी मधलं नाव लिहूच नका. लिहिलंच असेल, तर त्या नावानेही शोधायला लावा.

इतकं होऊनही सुटका नाही. रविवारी दुपारी बारापर्यंत कपडे परत करा, नाहीतर दंड. आमची तिकिटं रविवारचीच! बुकिंगच्या वेळी हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी काउंटरवरून हललेच नाही. मॅनेजर आला, मी शांतपणे पण ठाम बोलले आणि पावतीवर 'सोमवार सकाळी दहा' असं त्याच्या सहीनिशी लिहून घेतलं. तुम्हीही तोंडी शब्दावर विसंबू नका.

रविवारी मात्र सगळा शीण गेला. फाटकापाशी लेकीच्या बॉडिसची, म्हणजे नाडीने आवळायच्या घट्ट चोळीची, नाडी सुटली. आमच्यामागे उभ्या असलेल्या आजींनी ती पूर्ण काढली, खालच्या काजापासून एकाआड एक ओवत वर आणली आणि म्हणाल्या, “आता मोठा श्वास घे.” लेकीने घेतला, तेव्हाच गाठ मारली. गाठ संध्याकाळपर्यंत टिकली.

भालाईतांची घोड्यावरची झुंज चुकवू नका, जागा आधी धरा. हा मेरीलँडचा अधिकृत राज्यखेळ आहे, १९६२पासून. भाला ढालीवर आदळून फुटतो तो आवाज छातीत जाणवतो. लेक ‘हझ्झा’ असा जुना इंग्लिश जयघोष ओरडून घसा बसवून आली. आणि हो, बूट जुने, बंद घाला, वाटा मातीच्या आहेत.

सर्वांत जास्त वेळ आम्ही कारागिरांपाशी घालवला. चामड्याच्या पट्ट्यावर ठसा उमटवणाऱ्या बाईंनी लेकीला हातोडी धरायला दिली. बॉडिसही तिथल्या दुकानांत विकत मिळतात, आधी कळलं असतं तर तो शुक्रवार वाचला असता. खाली हवे असतात घेरदार घागरे, एकावर एक. त्यासाठी आपले सुती परकर उत्तम, वर ढगळ पांढरा सदरा.

यंदा तिघांचंही घरीच शिवतेय. लेकीचे दोन परकर झाले, बॉडिसही बेतून झाली, काजं तेवढी करायची राहिली आहेत.