पळसगावचे नाईक यशवंत घाडगे

शाळेच्या स्मरणिकेसाठी लिही असा ग्रुपवर मेसेज आला, बाकीचे गॅदरिंग आणि सहलींवर लिहितीलच, मी मात्र यशवंत घाडगेंवर लिहिणार.

रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्यांचा पुतळा आहे, एसटीने येणारी आम्ही पोरं तो नेहमी बघायचो पण त्यांना मिळालेला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचा शौर्यासाठीचा सर्वोच्च सन्मान, नेमका काय हे कुणालाच धड माहीत नव्हतं. एकदा इतिहासाच्या सरांनी धडा बाजूला ठेवला, फळ्यावर इटलीतली टायबर नदी काढली आणि सांगायला लागले. 10 जुलै 1944, दुसरं महायुद्ध चालू. आपल्या पळसगावचा 22 वर्षांचा नाईक (हा फौजेतला हुद्दा), मराठा लाइट इन्फंट्री या पायदळ रेजिमेंटचा. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली, घाडगे सोडून सगळे एकतर गेले नाहीतर जखमी. हा माणूस एकटाच गनवर धावून गेला, ग्रेनेड टाकून गन आणि गनर दोन्ही संपवले, टॉमीगनने अजून एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळच नाही म्हणून तीच बंदूक उलटी धरून उरलेल्या दोघांना हाणलं. सरांनी छडी दोन्ही हातांत उलटी धरून दाखवलेली, वर्ग चिडीचूप. मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या आणि घाडगे तिथेच पडले. क्रॉस मिळाला तो मरणोत्तर.

इंग्रजांच्या फौजेत होते म्हणून काही जण नाक मुरडतात, मला ते अजिबात पटत नाही. तो पोरगा समोरच्या गोळ्यांवर गेला तो आपल्या पडलेल्या जोडीदारांसाठी. इटलीत आपले 50 हजारांवर सैनिक लढले, तिथल्या 20 व्हिक्टोरिया क्रॉसपैकी 6 भारतीयांचे, त्यातले दोन मराठा लाइट इन्फंट्रीचे, घाडगे आणि नामदेव जाधव. आमच्या वेळच्या पुस्तकात यातली एक ओळ नव्हती.

आणि 2023 च्या जुलैमध्ये बातमी वाचली, इटलीतल्या मोंतोने गावाने घाडगेंच्या नावाने स्मारक उभारलं, सूर्यघडीच्या रूपात. तब्बल 79 वर्षांनी, पण उभारलं! बातमी वाचताना खरंच डोळे भरून आले, सर हवे होते असं फार वाटलं.

त्यांच्या पराक्रमाची अधिकृत नोंद मी मराठीत टाईप करून, फ्रेम करून शाळेला देतोय. लायब्ररीत पोरांना दिसेल अशी लावा, आणि 10 जुलैला परिपाठात एखाद्या पोराकडून वाचून घ्या, पळसगावचं कुणी वर्गात असेल तर त्यालाच उभं करा.