आमची वाटचाल : साठ पिना, बहात्तर पिना

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमचं टीव्ही गेमचं दुकान 1995 साली सुरू झालं. टीव्हीला जोडायची दोन ‘लिटल मास्टर’ गेम मशीन, दोन जुने टीव्ही, अर्ध्या तासाला पाच रुपये. भांडवल निम्मं दाजींचं, रिपेअरी सगळी माझी.

नोव्हेंबर 1997 मध्ये कल्पना चावला कोलंबिया यानातून अंतराळात गेल्या आणि आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी यानाशिवाय विषय राहिला नाही. त्याच दिवसांत मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका होलसेलवाल्यानं मला ‘स्पेस शटल प्रोजेक्ट’च्या चाळीस कॅसेटी दाखवल्या. 1991 चा अमेरिकन गेम. दाजी म्हणाले, “एक घे, चालवून बघ, मग बोल.” मी ऐकलं नाही. होतं नव्हतं ते सगळं घातलं, वर ताईच्या पाटल्या गहाण पडल्या.

कोल्हापुरात येऊन खोकं फोडलं तर कॅसेट मशीनमध्ये बसेना. आपल्या मशीनला साठ पिनांची कॅसेट लागते, ही अमेरिकन, बहात्तरची. फोन केला तर “विकलेला माल परत नाही.” चाळीस नग एकदम घेणाऱ्याला पिना सांगायला नकोत? हे मला आजही लागतं.

मग एका जुन्या बोर्डाचा स्लॉट उपटून, एकेक वायर जोडून बहात्तर पिनांची कॅसेट साठच्या मशीनला लावणारा कन्व्हर्टर मी स्वतः केला. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सक्शन पंप, मल्टिमीटर. तीन रात्री गेल्या. ते आयर्न अजून चालू आहे, फक्त बिट बदलत आलो. आणि एक सांगून ठेवतो, कॅसेटीत फुंकर मारू नका. तोंडातल्या दमटपणानं पिना काळ्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापूस, बास.

गेम चालू झाला आणि खरी निराशा तेव्हा झाली. लिफ्टनं अंतराळवीर यानापर्यंत न्यायचे, मग पडद्यावर सांगेल त्या क्षणाला बटण दाबायचं. वर पोचल्यावरही तेच. काँट्रासारख्या गोळीबाराच्या गेमवर हात बसलेली पोरं विचारायची, “काका, ह्यात गोळ्या कुठायत?” गोळ्या नसल्याचं मला वाईट वाटलं नाही. पण अंतराळात तरंगायची मजा तरी हवी होती, तीच नाही. मशीनला दोष देऊ नका. दोन केबी रॅमच्या त्याच मशीनवर मारिओ किती हलकी उडी घेतो!

तेवढ्यात समोर एकानं कॉम्प्युटर लावले आणि ‘ते दुकान बसलं’ अशी आवई उठवली. पोरं तिकडं गेली. तीन महिने भाडं थकलं. दाजींनी आपली एम-एटी गाडी विकून ते भागवलं आणि आजवर एका शब्दानं त्याचा उल्लेख केलेला नाही. पाटल्या रिपेअरीच्या कामांवर सुटल्या.

तो गेम मन लावून खेळणारं गिऱ्हाईक एकच, गंगावेशीतले निवृत्त भूगोलाचे सर. दर रविवारी यायचे, कुठलं बटण कधी ते वहीत लिहून ठेवायचे.

1 फेब्रुवारी 2003 ला कोलंबिया परतताना तुटलं, कल्पना चावला गेल्या. दुसऱ्या दिवशी रविवार. सर आले, कन्व्हर्टर लावायला सांगितला, पहिल्यापासून खेळत यान धावपट्टीवर उतरवलं आणि रिमोट अलगद खाली ठेवला. मी पैसे नको म्हटलं. पाचाची नोट काउंटरवर ठेवून ते गेले.