एकोणीस वेळा धन्यवाद

मे महिन्यातली दुपार. त्या वेळी सोलापुरात दुकानाच्या शटरला हात लावला तर चटका बसतो. नव्या पेठेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे आणि दुपारी तिकडे कुणी फिरकत नाही. तेवढ्यात एका वकील मॅडमच्या ऑफिसातून कारकुनांचा फोन आला. त्यांना सगळे अण्णाच म्हणतात.

"लवकर ये बे. मॅडमनी राउटरचा प्लग उपटलाय."

जाऊन बघतो तर ज्युनिअर वकील पोरगा भिंतीला टेकून उभा. मॅडमनी एका अशिलाची हकीकत, तिला विचारूनच, मोबाइलवर रेकॉर्ड केली होती. सव्वातीन तासांची. दुसऱ्या दिवशी त्यावरून शपथपत्र करायचं होतं. पोराने टायपिंगचा वेळ वाचवायला ती फाइल आवाजाचा मजकूर करून देणाऱ्या कुठल्याशा फुकटच्या वेबसाइटवर चढवायला घेतली. चौदा टक्क्यांवर मॅडमचं लक्ष गेलं.

"कलम 132 वाचलंयस का?" मॅडम विचारत होत्या. भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं तिच्या संमतीशिवाय बाहेर जाऊ द्यायचं नाही. पोरगा म्हणाला, "मॅडम, वेबसाइट म्हणजे माणूस थोडीच आहे." हे तो बोलायला नको होता.

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, हेच काम तुमच्या या कॉम्प्युटरवर होईल, नेट न लावता, पैसेही नाहीत. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "नेट नाही, पैसे नाहीत, मग लिहिणार कोण?"

व्हिस्पर, मी म्हणालो. बोललेलं ऐकून लिहून देणारं एआय मॉडेल. चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयने 2022 च्या सप्टेंबरात ते सगळ्यांना खुलं करून टाकलं. मॉडेल म्हणजे शेवटी एक फाइल. एकदा उतरवून घेतली की आपली. ती साध्या प्रोसेसरवर चालावी म्हणून व्हिस्पर.सीपीपी नावाचा प्रोग्राम आहे, महागडं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. मॅडमना यातलं किती पटलं कोण जाणे, पण अण्णांना पटलं. त्यांच्या वडिलांचे चादरीचे माग होते. "म्हणजे जकार्डसारखं म्हण की. नक्षी त्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांत, आणि पुठ्ठे मागावरच टांगलेले. नक्षी विचारायला कुठं बाहेर जावं लागत नाही." यापेक्षा सोपं मला आजवर सांगता आलेलं नाही.

दुकानात परत आलो तर वेगळीच फजिती. व्हिस्परचं मधलं मॉडेल दीड जीबीचं, ते पेन ड्राइव्हवर लगेच गेलं. शिवाय लिहून आलेला मजकूर नीट लावायला जेम्मा 3 हे भाषेचं मॉडेल न्यावं म्हटलं. गूगलने 2025 च्या मार्चमध्ये दिलेलं, त्यातलं बारा अब्ज पॅरामीटरवालं, म्हणजे आत तेवढे आकडे. ते आकडे चार-चार बिटांत दाबलेले असले तरी फाइल सात-आठ जीबी. 64 जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह, आणि म्हणतो फाइल मावत नाही! दहा मिनिटं डोकं फोडलं. ड्राइव्ह फॅट 32 या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला होता, त्यात एक फाइल 4 जीबीच्या वर जातच नाही. वीस वर्षं हा धंदा करून मी हे विसरलो. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला, पुन्हा सगळं चढवलं.

ऑफिसात राउटर बंदच होता, तरी मी नेटची तार मशीनमधून काढून मॅडमच्या हातात दिली. त्यांनी ती खरोखर धरून ठेवली, टोक वर करून. काळ्या पडद्यावर पहिली मराठी ओळ आली तशी त्या खुर्ची ओढून जवळ बसल्या.

मग उकाडा आडवा आला. असं काम चालू झालं की प्रोसेसर पूर्ण ताकदीने पळतो, आणि तापला की आपणहून वेग कमी करतो. कॅबिनेटचं झाकण काढून टेबल फॅन त्याच्याकडे वळवला. माणसं घामाघूम, मशीन गारव्यात.

भाषेनेही छळलं. व्हिस्पर पहिल्या तीस सेकंदांवरून भाषा ठरवतं आणि पुढे तीच धरून बसतं. सोलापूरच्या पूर्व भागातलं माणूस मराठीत सुरू होऊन राग आला की तेलुगूत शिरतं. तिथे मशीनने देवनागरीत काहीतरी भलतंच लिहिलं, आणि तेही एकदम ठामपणे. ते तुकडे अण्णांनी हेडफोन लावून ऐकले आणि हाताने लिहिले.

रात्री नऊच्या सुमाराला मी कागद चाळत होतो. एका ठिकाणी ओळीखाली ओळ नुसतं "धन्यवाद". मोजले, एकोणीस. रेकॉर्डिंग तिथे लावलं. आवाजच नव्हता. पंख्याची घरघर, आणि कुणीतरी नाक ओढल्याचं. ती बाई बोलायची थांबली होती. शांतता आली की व्हिस्पर कधीकधी मनाचं भरतं, हे मला माहीत होतं. इंटरनेटवरच्या आवाजांवर शिकलेलं ते. पण ते असं, या जागी छापून आलेलं बघितलं नव्हतं.

"शांत भाग आधीच गाळायची सोय आहे," मी म्हणालो. "परत चालवतो."

"गाळू नका," मॅडम म्हणाल्या. अण्णांनी पेन्सिलने एकोणीस ओळींवर काट मारली, घड्याळ लावून पुन्हा ऐकलं आणि समासात लिहिलं: इथे अशील दोन मिनिटं गप्प.

जेम्माने मजकूर तारीखवार छान लावून दिला, फक्त त्यात एक तारीख अशी होती जी रेकॉर्डिंगमध्ये कुठेच नव्हती. तीही अण्णांनीच पकडली. मग मॅडमनी तो कागद बाजूला ठेवला आणि मूळ टिपणावरून स्वतः लिहायला बसल्या.

निघताना मी पेन ड्राइव्ह दाखवला. त्यावर फक्त मॉडेलं, रेकॉर्डिंगचा अंशही नाही. मॅडमनी मान हलवली आणि माझ्यापुढे कोरा कागद सरकवला.

"कलम 132 माझ्या कारकुनालाही लागू आहे. तुम्ही माझे कारकूनही नाही आणि नोकरही नाही. पण दुपारपासून कान तुमचे इथेच होते."

ऐकलेलं कुठेही बोलणार नाही असं लिहून मी सही केली. म्हणून केस कशाची होती ते इथे नाही. अण्णांनी साक्षीदार म्हणून खाली सही ठोकली आणि म्हणाले, "चल बे, सात रस्त्याला चहा मिळेल अजून."